शाळेची सरासरी आणि वर्गातील मुले : सार्वजनिक शाळांतील संपादणूक व विद्यार्थ्यांची सामाजिक पार्श्वभूमी

प्रस्तावना

सार्वजनिक शाळांच्या गुणवत्तेची चर्चा बहुधा एका आकड्याभोवती फिरते. तिसरीच्या किती टक्के मुलांना उतारा वाचता आला, पाचवीच्या किती मुलांना भागाकार जमला, दहावीचा निकाल किती लागला, यावरून शाळेला, शिक्षकाला आणि प्रसंगी संपूर्ण जिल्ह्याला उत्तम किंवा निकृष्ट ठरविले जाते. वास्तविक या आकड्यात दोन भिन्न गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात. वर्गात कोणती मुले बसलेली आहेत ही त्यांतील पहिली, आणि त्या मुलांना तेथे काय शिकविले गेले ही दुसरी. या दोहोंची फारकत कशी करता येते, जगात ती कशी केली गेली आणि महाराष्ट्रातील जिल्हा परिषद व महानगरपालिका शाळांच्या बाबतीत ती का अवघड जाते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रारंभी एका शब्दाचा खुलासा आवश्यक वाटतो. ‘पब्लिक स्कूल’ ही अक्षरे महाराष्ट्रात ज्या फलकांवर दिसतात त्या शाळा बहुतांशी खासगी आणि फी आकारणाऱ्या असतात. येथे ‘सार्वजनिक शाळा’ म्हणजे सार्वजनिक निधीतून चालणारी आणि गावातील, वस्तीतील कोणत्याही मुलास दार उघडे ठेवणारी शाळा, एवढाच अर्थ अभिप्रेत आहे. दार उघडे असणे हा या शाळेचा मोठेपणा आहे, आणि तिच्या सरासरीवर सर्वांत मोठा परिणामही त्याचाच होतो.

शाळेच्या लाभात कोण बसतो हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात शिक्षणावरील सरकारी खर्चाचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो आणि तो पैसा ज्यांच्या कष्टांतून येतो ते वंचित राहतात, याकडे लक्ष वेधले होते. निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे, अशी त्यांची मागणी होती. त्या काळी कोण शाळेत येतो हे पाहावे लागे. आज बहुतेक सर्व मुलांची नावे कोणत्या ना कोणत्या पटावर असतात. त्यामुळे कोण कोणत्या शाळेत येतो, हे पाहणे आवश्यक झाले आहे.

कोलमन अहवाल आणि त्यानंतर

या विषयाच्या आधुनिक अभ्यासाचा आरंभ १९६६ च्या कोलमन अहवालापासून मानला जातो. अमेरिकेतील १९६४ च्या नागरी हक्क कायद्यान्वये समान शैक्षणिक संधींची पाहणी करणे तेथील शासनावर बंधनकारक झाले आणि समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्याकडे ते काम आले. सुमारे ४,००० शाळा आणि सहा लाखांहून अधिक विद्यार्थी यांचा त्यात समावेश होता. कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांना इमारती, पुस्तके, प्रयोगशाळा कमी मिळतात आणि म्हणून ती मुले मागे राहतात, असे निष्पन्न होईल ही सर्वसाधारण अपेक्षा होती. हाती आलेले चित्र वेगळे होते. मुलांच्या संपादणुकीतील फरकांचा मोठा भाग कुटुंबाच्या पार्श्वभूमीशी निगडित आढळला. त्याखालोखाल वर्गमित्र कोणत्या घरांतून येतात याचा संबंध दिसला. भौतिक सुविधांचा वाटा त्या मानाने अल्प होता. शिवाय दोन शाळांच्या सरासरीत जितके अंतर होते त्याहून कितीतरी अधिक अंतर एकाच शाळेतील मुलामुलांत होते.

‘शाळेमुळे काही फरक पडत नाही’ असे या अहवालाचे सुलभीकरण पुढे अनेकांनी केले. ते न्याय्य नव्हे. अमेरिकेतील शाळा-शाळांमधील सुविधांचा फरक मर्यादित होता, आणि जे चल फारसे बदलतच नाही त्याचा प्रभाव सांख्यिकीत दिसत नाही. हेनेमन व लॉक्सली यांनी १९८३ मध्ये २९ देशांच्या माहितीवरून दाखवून दिले की, देशाचे उत्पन्न जितके कमी तितका संपादणुकीवरील शाळेचा व शिक्षकाचा प्रभाव अधिक आढळतो. ज्या घरात पुस्तक नाही त्या घरातील मुलासाठी शाळेतील पुस्तक हेच पुस्तक असते. भारतीय वाचकाने कोलमन अहवाल वाचताना ही पुरवणी सोबत ठेवली पाहिजे.

सरासरी कशी फसविते

एका काल्पनिक उदाहरणाने मूळ अडचण स्पष्ट होईल. ‘क’ या शाळेत १०० विद्यार्थी आहेत. त्यांपैकी ८० शिक्षणात पहिल्या पिढीचे असून त्यांचे सरासरी गुण ४८ आहेत. उरलेले २० शिक्षित पालकांचे असून त्यांची सरासरी ७० आहे. ‘ख’ या शाळेतही १०० विद्यार्थी आहेत, परंतु तेथे पहिल्या पिढीचे केवळ २० असून त्यांची सरासरी ४२ आहे, तर शिक्षित पालकांची ८० मुले सरासरी ६६ गुण मिळवितात. शाळांची एकूण सरासरी काढली तर ‘क’ शाळेची ५२.४ आणि ‘ख’ शाळेची ६१.२ येते. वर्तमानपत्रातील यादीत ‘ख’ शाळा जवळजवळ नऊ गुणांनी पुढे राहील. परंतु पहिल्या पिढीची मुले ‘क’ शाळेत ६ गुणांनी सरस आहेत आणि शिक्षित पालकांची मुलेही तेथेच ४ गुणांनी सरस आहेत. पालक कोणत्याही गटातील असला तरी त्याच्या मुलासाठी ‘क’ शाळा चांगली आहे, आणि तरीही एकूण सरासरी पाहून तो ‘ख’ शाळेची वाट धरील. संख्याशास्त्रात या विसंगतीस सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात.

अमेरिकेतील ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ या कायद्याने (२००२) याच कारणास्तव शाळेचा निकाल गटवार प्रसिद्ध करणे सक्तीचे केले. वंश, आर्थिक स्थिती, अपंगत्व आणि इंग्रजीचे अपुरे ज्ञान या निकषांवर प्रत्येक गटाचे निकाल स्वतंत्रपणे मांडावे लागत. २०१३-१४ पर्यंत सर्व मुले अपेक्षित पातळीवर पोहोचली पाहिजेत, हे त्या कायद्याचे लक्ष्य अवास्तव होते आणि त्यापायी शाळांवर लादलेल्या शिक्षांवर पुष्कळ टीका झाली. २०१५ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. गटवार निकालांची अट मात्र त्यानेही कायम ठेवली, कारण चांगल्या सरासरीच्या आड मागे पडलेला गट लपविण्याची सोय तिने बंद केली होती.

गरिबी मोजण्याचे तेथील साधन सवलतीच्या शालेय भोजनाचे होते. ज्या मुलास मोफत वा अल्पदरात जेवण मिळते ते गरीब, असा सोपा हिशेब होता. २०१० च्या कायद्याने गरीब वस्त्यांतील शाळांना सरसकट सर्व मुलांना मोफत जेवण देण्याची मुभा दिली आणि हे माप पुष्कळ ठिकाणी निरुपयोगी झाले. भारतात ते कधीच उपयोगी नव्हते. येथे सरकारी व अनुदानित शाळांतील पहिली ते आठवीची सर्वच मुले मध्यान्ह भोजनास पात्र असतात, आणि ते योग्यच आहे.

निवडीचा प्रभाव

शाळेचा खरा वाटा ओळखायचा तर सारखीच मुले दोन भिन्न शाळांत गेली असता काय होते, हे पाहावे लागते. याचे एक बोलके उदाहरण न्यूयॉर्कमधील स्टायव्हेसंट हायस्कूल या सार्वजनिक शाळेचे आहे. १९७१ च्या राज्य कायद्यानुसार तेथील प्रवेश केवळ एका लेखी परीक्षेवर ठरतो. २०१९ मध्ये या शाळेने देऊ केलेल्या ८९५ जागांपैकी केवळ ७ जागा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या वाट्याला आल्या, तेव्हा शहराच्या सार्वजनिक शाळांतील त्यांचे प्रमाण सुमारे एक-चतुर्थांश होते. स्टायव्हेसंटचे निकाल अर्थातच नेत्रदीपक असतात. अब्दुलकादिरोग्लू, अँग्रिस्ट आणि पाठक या अर्थशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात न्यूयॉर्क व बॉस्टन येथील अशा शाळांच्या प्रवेश परीक्षेत अगदी थोडक्यात उत्तीर्ण झालेल्या आणि थोडक्यात हुकलेल्या मुलांची तुलना केली. एकदोन गुणांच्या फरकाने एका मुलास हुशार सहाध्यायी लाभले, दुसऱ्यास लाभले नाहीत. पुढील परीक्षांतील त्यांच्या गुणांत मात्र लक्षणीय फरक आढळला नाही. हा निष्कर्ष सीमारेषेवरील मुलांपुरता आहे. तरीही शाळेच्या कीर्तीचा मोठा भाग ती मुलांसोबतच आत घेते, असे म्हणण्यास त्यामुळे आधार मिळतो.

जवाहर नवोदय विद्यालयांच्या बाबतीत हाच प्रश्न महाराष्ट्राच्या दारी येतो. १९८५-८६ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या दोन नवोदय विद्यालयांपैकी एक अमरावती येथील होते. सहावीचा प्रवेश परीक्षेवर ठरतो आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. ग्रामीण भागातील गुणवंत मुलांना निवासी शिक्षण देणारी ही योजना मोलाची आहे. परंतु तिच्या निकालाची तुलना शेजारच्या जिल्हा परिषद शाळेशी करणे म्हणजे चाळणीवर उरलेल्या धान्याची तुलना खाली पडलेल्याशी करणे होय. पाचवीपर्यंत ज्या शिक्षकाने ते मूल घडविले त्याच्या शाळेतून ते मूल निघून जाते, आणि त्याचे पुढील यश दुसऱ्याच शाळेच्या खाती जमा होते.

खासगी आणि सरकारी शाळांच्या तुलनेबाबत भारतातील सर्वांत विश्वसनीय पुरावा आंध्र प्रदेशातील आहे. २००८ मध्ये तेथील १८० गावांत सुरू झालेल्या प्रयोगात सरकारी शाळेतील मुलांना खासगी शाळेत जाण्यासाठी सोडतीने शिष्यवृत्ती देण्यात आली. सोडतीमुळे निवड झालेली आणि न झालेली मुले सर्व बाबतींत सारखी होती. मुरलीधरन व सुंदररामन यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार चार वर्षांनंतर तेलुगू आणि गणित या विषयांत दोन्ही गटांत फरक नव्हता. खासगी शाळांत गेलेली मुले हिंदीत मात्र पुष्कळ पुढे होती, कारण त्या शाळा तेलुगू व गणिताचा काही वेळ हिंदीकडे वळवीत होत्या. साध्या तुलनेत खासगी शाळांची जी आघाडी दिसत होती ती बहुतांशी घरांची होती. या निष्कर्षाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. खासगी शाळांचा दरडोई खर्च सरकारी शाळांच्या एक-तृतीयांशाहूनही कमी होता. सरकारी शाळांच्या कैवाऱ्यांना हे वाक्य सहसा आठवत नाही आणि खासगीकरणाच्या पुरस्कर्त्यांना त्याआधीचे.

पटावर असलेली आणि वर्गात नसलेली मुले

महाराष्ट्रातील सार्वजनिक शाळांच्या पटाची घडण गेल्या काही दशकांत झपाट्याने बदलली आहे. ज्यांना फी परवडते ती कुटुंबे इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळांकडे वळली. शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के जागांच्या तरतुदीने वंचित व दुर्बल घटकांतील ज्या पालकांना ऑनलाइन अर्ज, दाखले आणि मुदती सांभाळता येतात त्यांनाही वाट मिळाली. सरकारी वा अनुदानित शाळा जवळ असलेल्या खासगी शाळांना या अटीतून वगळण्याचा राज्य शासनाचा २०२४ मधील निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केला. समजा, ४० मुलांच्या वर्गाची सरासरी ५५ आहे आणि त्यांतील सरासरी ७० गुणांची १० मुले निघून गेली. उरलेल्या ३० मुलांची सरासरी ५० होईल. शिक्षक तोच, अध्यापन तेच, कोणत्याही मुलाचा एकही गुण कमी झालेला नाही, आणि तरी पुढील वर्षीच्या अहवालात शाळा ‘घसरलेली’ असेल. घसरण पाहून आणखी दहा पालक जातील. शहरांत या प्रक्रियेला माध्यमाची जोड मिळते. मुंबई महानगरपालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांतून चालत आल्या आहेत. अशा शाळांच्या एकत्रित सरासरीचा अर्थ लावणे धाडसाचेच ठरेल.

हंगामी स्थलांतराने होणारा परिणाम याच्या अगदी उलट आहे आणि म्हणून तो अधिक फसवा आहे. बीड व लगतच्या जिल्ह्यांतून ऊसतोडणीसाठी कोयत्यावर जाणारी कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात आणि गाळप संपल्यावर, म्हणजे साधारणतः मार्च-एप्रिलमध्ये परततात. शैक्षणिक वर्षाचा जवळजवळ अर्धा भाग मूल फडावर असते. गावात आजी-आजोबा असतील वा हंगामी वसतिगृह चालू असेल तरच ते मागे राहते. आता शासकीय आकडेवारीच्या तारखा पाहाव्यात. शाळांची वार्षिक माहिती संकलित करताना ३० सप्टेंबर ही पटसंख्येची संदर्भ तारीख दीर्घकाळ वापरली गेली. त्या दिवशी ही मुले गावात असतात आणि पट भरलेला दिसतो. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण २०२१ मध्ये १२ नोव्हेंबरला झाले आणि २०२४ मधील ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षण ४ डिसेंबरला. या तारखांना तोडणीवर गेलेले मूल वर्गात नसते. म्हणजे पट मोजला जातो मुले असताना, आणि गुण मोजले जातात ती नसताना.

याचा सरासरीवर काय परिणाम होतो? ३० मुलांच्या वर्गातील १० मुले तोडणीवर गेली असून ती हजर असती तर त्यांना सरासरी ३८ गुण मिळाले असते, आणि हजर २० मुलांची सरासरी ५६ आहे असे मानू. सर्व मुले मोजली तर वर्गाची सरासरी ५० येते, हजर मुलांपुरती ती ५६ राहते. स्थलांतर जितके अधिक तितकी सरासरी बरी दिसण्याचा संभव अधिक. ज्या शिक्षकाने पालकांची समजूत घालून मुले गावात ठेवून घेतली, वसतिगृहासाठी खटपट केली, त्याच्या शाळेची सरासरी शेजारच्या शाळेपेक्षा कमी येईल. ज्याने काहीच केले नाही तो अहवालात सरस ठरेल. या मुलांच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या माणसाला मोजमापाने शिक्षा करणे, इतका हा प्रश्न गंभीर आहे.

२००५ पासून होणारी ‘असर’ पाहणी घरोघरी जाऊन केली जाते. त्यामुळे शाळाबाह्य, अनियमित आणि खासगी शाळेतील मुलेही तिच्या कक्षेत येतात. पालकांच्या शिक्षणाची नोंदही ती घेते. या दृष्टीने ती शाळेत बसून केलेल्या चाचणीहून अधिक प्रामाणिक ठरते. तथापि घराला कुलूप लावून गेलेल्या कुटुंबातील मूल याही पाहणीच्या हाती लागणे अवघड असते. २०२२-२३ पासून ‘यू-डायस प्लस’मध्ये विद्यार्थीनिहाय माहिती भरली जाऊ लागली आहे. एकाच मुलाचा माग वर्षानुवर्षे घेण्याची शक्यता त्यामुळे प्रथमच निर्माण झाली. त्या मुलाच्या हजेरीचे महिने त्याच्या गुणांशेजारी मांडले जातात की नाही, यावर तिचा उपयोग अवलंबून राहील.

लहान शाळांचा प्रश्न

महाराष्ट्रातील वाडीवस्तीवरील अनेक शाळांचा पट वीसपेक्षाही कमी आहे. सहा मुलांच्या वर्गात ९० गुण मिळविणाऱ्या मुलाच्या जागी ३० गुणांचे मूल आले तर वर्गाची सरासरी १० गुणांनी उतरते. साठ मुलांच्या वर्गात हाच फरक एका गुणाचा असतो. केन व स्टायगर यांनी २००२ मध्ये उत्तर कॅरोलायना राज्याच्या माहितीवरून दाखविले की, उत्कृष्ट शाळांच्या यादीत लहान शाळांचा भरणा अधिक असतो आणि निकृष्ट शाळांच्या यादीतही. यात गुणवत्तेपेक्षा योगायोगाचा भाग मोठा असतो. कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा निर्माण करण्याचा विचार राज्यात २०२३ पासून चर्चेत आला. त्याच्या बाजूने वा विरुद्ध अन्य युक्तिवाद असू शकतात, मात्र एकदोन वर्षांच्या सरासरी गुणांचा युक्तिवाद अशा शाळांबाबत दोन्ही बाजूंनी टिकणारा नाही.

पार्श्वभूमी की सबब

येथपर्यंतच्या विवेचनावर एक आक्षेप संभवतो आणि तो गांभीर्याने घेतला पाहिजे. मुलांची पार्श्वभूमी लक्षात घ्या असे म्हणताच, ‘पालकच अडाणी, मग शाळा काय करणार’ ही शिक्षक-कक्षातील जुनी सबब शास्त्राचे वस्त्र पांघरून परत येते. गरीब घरच्या मुलांकडून कमीच अपेक्षा ठेवावी, असा अर्थ त्यातून निघाला तर सरासरीच्या अन्यायापेक्षा तो मोठा अन्याय होईल. वाचता येणे ही पातळी सर्वांसाठी एकच असली पाहिजे. फडावरून परतलेल्या मुलाला वाचता आले नाही तर ते आले नाहीच. ही वस्तुस्थिती कोणत्याही सांख्यिकी समायोजनाने झाकू नये.

म्हणून दोन प्रश्न पृथक ठेवणे हितावह आहे. मूल कोठे पोहोचले हे पाहताना पार्श्वभूमीची सवलत देऊ नये. शाळेने किंवा शिक्षकाने त्यात किती भर घातली हे ठरविताना मात्र मूल कोठून निघाले हे पाहिल्यावाचून निवाडा करू नये. पहिल्या उत्तरावरून मदत कोठे पाठवायची ते कळते, दुसऱ्यावरून कौतुक वा जाब कोणाचा ते. आपल्या व्यवस्थेत पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावरून दुसरा निवाडा केला जातो, आणि मदत कोठेच जात नाही.

महाविद्यालयीन संशोधनाच्या संदर्भात

शिक्षणशास्त्र, समाजशास्त्र व अर्थशास्त्र विभागांत सादर होणाऱ्या लघुप्रबंधांत ‘जिल्हा परिषद व खासगी शाळांतील विद्यार्थ्यांच्या संपादणुकीचा तुलनात्मक अभ्यास’ हा विषय वारंवार आढळतो. शंभरेक विद्यार्थ्यांचा नमुना, दोन मध्यमाने, एक टी-मूल्य आणि ‘खासगी शाळांतील विद्यार्थ्यांची संपादणूक सार्थपणे अधिक आहे’ हा निष्कर्ष, असा त्याचा साचा ठरून गेला आहे. टी-मूल्य दोन गटांतील अंतर योगायोगाचे आहे की नाही एवढेच सांगते. ते अंतर शाळेमुळे पडले की घरामुळे, याविषयी ते मौन बाळगते.

याहून अधिक सांगू शकणारा अभ्यास करण्यास मोठा निधी लागतो असे नाही. बरीचशी माहिती शाळेच्या दप्तरात असते. दाखल-खारीज नोंदवहीतून कोणती मुले केव्हा आली, कोणती केव्हा व कोठे गेली हे कळते. पाच वर्षांच्या नोंदी घेतल्या तर पटाची घडण कशी बदलली याचे चित्र उभे राहते. मासिक हजेरीपटावरून प्रत्येक मुलाचे प्रत्यक्ष उपस्थितीचे महिने काढता येतात. मागील इयत्तेच्या संकलित मूल्यमापनाचे गुण आधाररेषा म्हणून वापरता येतात. आईचे शिक्षण ही बाब बहुधा घरभेटीत विचारावी लागेल, आणि ती वडिलांच्या व्यवसायापेक्षा अधिक काळजीपूर्वक विचारली जावी, कारण प्राथमिक वयात घरचा अभ्यास बहुतेक घरांत आईच्याच वाट्याला येतो. हे चार रकाने भरल्यावर गटवार मध्यमाने मांडावीत. चाचणी जून-जुलैमध्ये एकदा आणि कुटुंबे परतल्यावर एप्रिलमध्ये एकदा घ्यावी. डिसेंबरात घेतलीच, तर त्या दिवशी अनुपस्थित असलेल्या मुलांची संख्या तक्त्याच्या त्याच ओळीत, सरासरीच्या शेजारी छापावी.